ओल्टमानकाका, राजाची सनद आणि सशाचा शिक्का

आमच्या वीझेनब्युटेलमध्ये युद्ध संपलं तेव्हा कोणाकडे धड काही उरलं नव्हतं. खिडक्यांना काचा नव्हत्या, अंगाला साबण नव्हता, आणि नगराध्यक्ष सायकलवरून पळून गेला होता. सायकलही दुसऱ्याची होती. फक्त ओल्टमानकाकांकडे त्रेचाळीस किल्ल्या होत्या आणि त्यांतली एकही हरवली नव्हती.

हार्म ओल्टमान आमच्या गावच्या कोर्टाची इमारत सांभाळायचे. झाडायचं, शेगड्या पेटवायच्या, वरच्या घड्याळाला किल्ली द्यायची आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे कोणालाही दार उघडायचं नाही. उंची बेताची, मिशी भरपूर, पायांत लोकरीच्या सपाता. बूट घालून आत येणाऱ्याकडे ते असे बघायचे, की तो बिचारा आपोआप चवड्यांवर चालायला लागायचा. दार उघडायची वेळ आली की त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "कागद?" आणि कागद म्हणजे नुसता कागद नव्हे. त्यावर सही हवी, तारीख हवी, आणि गोल शिक्का हवा.

मेटाकाकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायची, "यांनी मला लग्नाचं विचारलं. मी लाजून हो म्हटलं, तर म्हणाले, लेखी दे." ती चिठ्ठी त्यांच्या कपाटात 'म' अक्षराखाली लावलेली होती. काकू वैतागली की म्हणायची, एक दिवस मी ती फाडणार आहे. पण कपाटाची किल्ली काकांकडे होती.

पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये इंग्रजांचा रणगाडा कोर्टाच्या आवारात शिरायला आला, तेव्हा अख्खं गाव पलंगाखाली होतं. काका फाटकाशी उभे होते. सगळ्या जर्मनीने हात वर केले होते, यांनी एक हात पुढे केला होता. "कागद?" रणगाडा भिंत पाडून आत आला. काका आत जाऊन पावतीपुस्तक घेऊन आले आणि टपावर बसलेल्या सोजिराकडून 'एक भिंत, विटांची, चार मीटर, मिळाली' अशी सही घेतली. सोजिराने ती चॉकलेट खाताखाता केली, म्हणून पावतीवर अजून डाग आहे.

मला हा माणूस आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकते. सात वर्षांची असताना मी एकदा पावसात कोर्टाच्या दाराशी उभी होते. त्यांनी मला आत घेतलं नाही, कारण आत माझं काही काम नव्हतं. छत्री दिली, पण तिचीही पावती लिहून घेतली. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर राग होता आणि तो मी नीट जपून ठेवला होता.

शेहेचाळीसच्या ऑक्टोबरात इंग्रजांनी आमच्या गावात लष्करी न्यायालय बसवायचं ठरवलं. खटला बर्टोल्ड क्नोपवर होता. युद्धात गावाबाहेरच्या वीटभट्टीवर पोलंडहून धरून आणलेले वेठबिगार राबायचे, आणि क्नोप त्यांच्यावरचा मुकादम होता. चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत त्याने पाच जणांना कोर्टाच्या तळघरात तीन दिवस कोंडलं, असा आरोप होता. त्यांनी शेतात राहिलेले बटाटे वेचले होते. अन्न नाही, पांघरूण नाही. चौघं कसेबसे जगले आणि पुढे कुठेकुठे पांगले. पाचवा, स्ताशेक, एकोणीस वर्षांचा, बाहेर आला तो उचलूनच. त्याची बहीण ब्रोन्या त्याच भट्टीवर होती. तिनेच त्याला उचललं होतं.

ब्रोन्या आता पोलिश निर्वासितांच्या छावणीत राहत होती आणि तिचं नाव गुरुवारी सकाळच्या गाडीत लागलं होतं. तिकडे पोलंडला तिची आई एकटी होती, आणि पुढची गाडी वसंताशिवाय सुटणार नव्हती. खटला सोमवारी उभा राहणार होता. मेजर पिकरिल, म्हणजे इंग्रजांच्या बाजूने खटला चालवणारे, तिला म्हणाले, "लेखी जबाब दिलास तरी चालेल, आमच्या नियमात बसतं." ती म्हणाली, "कागद नको. मला त्याच्या तोंडावर सांगायचंय." तिच्या हातात सोमवार, मंगळवार आणि बुधवार होते.

मी दुभाषी होते. हॅम्बुर्गला एका इंग्रज जहाजवाल्याकडे चार वर्षं मुलं सांभाळली होती, त्यामुळे माझी इंग्रजी अस्खलित होती, विशेषतः 'नाक पूस' आणि 'जेवताना बोलू नकोस' ही वाक्यं. मेजर पिकरिलना ती चालली. युद्धाआधी ते एका खेड्यात वकील होते. मृत्युपत्रं आणि कुंपणाची भांडणं, एवढाच त्यांचा अनुभव. स्वभावाने इतके सभ्य, की खुर्चीला पाय लागला तरी माफी मागायचे.

सोमवारी सकाळी नऊ वाजता न्यायालय आलं. अध्यक्ष म्हणून एक लालबुंद कर्नल, बरोबर दोन अधिकारी, क्नोपला घेऊन आलेली लष्करी गाडी, क्नोपचे वकील, कायद्याचे डॉक्टर श्नेकेनर, ब्रोन्या, आणि मी. ओकाचं मोठं दार बंद होतं. दारासमोर ओल्टमानकाका.

"कागद?" काका म्हणाले.

मेजरांनी कातडी पिशवीतून राजाची सनद काढली. असल्या खटल्यांचा सगळा अधिकार या सनदेतून येतो, हे त्यांनी फार सुंदर भाषेत सांगितलं. राजाने सनद दिली, सनदेने सेनापतींना अधिकार दिला, सेनापतींनी हुकूम काढून हे न्यायालय बसवलं. मी भाषांतर केलं, "काका, दार उघडा."

"एवढंच बोलले?"

"मुद्दा एवढाच होता."

काकांनी चष्मा लावून सनद उलटीपालटी केली. "हे छापील आहे. राजाची सही कुठंय?"

"मूळ प्रत लंडनला आहे," मेजर म्हणाले.

"आणि राजेसाहेब?"

"तेही लंडनलाच असतात."

"म्हणजे जागेवर कोणीच नाही," काका मला म्हणाले. मग सेनापतींचा हुकूम पाहिला. "ही सही निळ्या पेन्सिलीने केलीय. खोडता येते. आणि शिक्का?"

मेजरांनी घाईघाईने आपला शिक्का काढून हुकुमावर उमटवला. काका बराच वेळ बघत राहिले. "हा चौकोनी आहे."

"आमच्या सैन्यात चौकोनीच असतात."

"असतील. गोल लागतो." त्यांनी खिशातून १९११ सालची इमारतीची नियमावली काढली आणि चौदावं कलम वाचून दाखवलं. मोठं दालन तीनच कारणांसाठी उघडावं. एक, या जिल्ह्याच्या कोर्टाचं कामकाज. दोन, नेमबाज मंडळाचा वार्षिक नाच. तीन, ससेपालक संघाचं प्रदर्शन. प्रत्येक वेळी अर्जावर गोल शिक्का. "जिल्ह्याचं कोर्ट तुम्हीच बंद केलंत. तुमचं त्यात कुठे बसतं ते दाखवा."

आता गोल शिक्का आणायचा कुठून? जिल्ह्यातल्या एकूण एक गोल शिक्क्यावर गरुड होता आणि गरुडाच्या पायांत नाझींचं चिन्ह होतं, म्हणून इंग्रजांनीच ते सगळे पोत्यात भरून नेले होते. काकांना कामावरून काढावं, तर तो अधिकार जिल्हा न्यायाधीशांचा, आणि न्यायाधीशांना इंग्रजांनी घरी बसवलेलं. दुसरी जागा पाहावी, तर शाळेत, चर्चमध्ये, अगदी अग्निशामक बंबाच्या खोलीतसुद्धा निर्वासित झोपत होते. कर्नल म्हणाला, "फोडा दार!" तेव्हा मेजर पिकरिल पहिल्यांदा थोडं चढ्या आवाजात बोलले, "माफ करा कर्नल, पण कायद्याचं राज्य शिकवायला आपण आलोय. पहिल्याच दिवशी कोर्टाचं दार कुऱ्हाडीने कसं फोडायचं?" कर्नल आणखी लाल झाला आणि जेवायला निघून गेला. सोमवार असा गेला.

या सगळ्यात डॉक्टर श्नेकेनरांना फार आनंद झाला होता. या माणसाने चाळीस पानांची हरकत लिहून आणली होती. इंग्लंडच्या राजाला वीझेनब्युटेलमध्ये न्याय करायचा अधिकार कोणी दिला, हा तिचा विषय. मग सकाळीच त्यांना कळलं, की सनदेत स्पष्ट लिहिलंय, आरोपीला न्यायालयाच्या अधिकारावर हरकत घेताच येणार नाही. चाळीस पानं फुकट. पण ओल्टमानकाका काही आरोपी नव्हते!

"ओल्टमान," पायरीवर काकांशेजारी बसत डॉक्टर म्हणाले, "अख्ख्या जर्मनीत ताठ मानेचा एक माणूस उरलाय. तुम्ही! असेच गुरुवारपर्यंत उभे राहा." आणि त्यांनी खऱ्या कॉफीची पुडी पुढे केली. आम्ही भाजलेलं जव उकळून पीत होतो, तेव्हा खरी कॉफी! नुसत्या वासाने मी दोन पायऱ्या वर सरकले.

"भेट स्वीकारायला मला परवानगीचा कागद लागेल," काका म्हणाले आणि पुडी परत केली. सपाता घातलेल्या त्या गाढवाला मी तेव्हा मनापासून शिव्या दिल्या. डॉक्टरांना गुरुवार कशासाठी हवाय, हे त्याला कळत नव्हतं. ब्रोन्या गेली की तिच्या लेखी जबाबाच्या चिंध्या करायला डॉक्टरांना दहा मिनिटं पुरली असती.

मंगळवारी सकाळी मला युक्ती सुचली. म्हणजे तेव्हा तसं वाटलं. गोल शिक्का, ज्यावर गरुड नाही, असा एकच गावात होता आणि तो होता ससेपालक संघाकडे. मी धावत संघाच्या चिटणीस गेझीनेबाईंकडे गेले. संघात पूर्वी साठ सभासद आणि चारशे ससे होते. दोन हिवाळ्यांनंतर सभासद साठच होते, पण ससा एकच उरला होता. निळसर करडा, मांजराच्या दुप्पट, नाव ॲडमिरल. गेझीनेबाई रात्री त्याला उशाशी घेऊन झोपायच्या, कारण बाकीच्या एकोणसाठ सभासदांवर त्यांचा विश्वास नव्हता.

"शिक्का देते," त्या म्हणाल्या, "पण इंग्रज त्याला खाणार नाहीत ना?"

"शिक्का?"

"ॲडमिरलला!"

सेनापतींच्या हुकुमावर शिक्का उमटला. गोल, जांभळा, मधोमध कान ताठ केलेला ससा, भोवती 'वीझेनब्युटेल ससेपालक संघ, स्थापना १८९८'. काकांनी तो उजेडात धरून पाहिला.

"शिक्का खरा आहे," ते म्हणाले.

"मग उघडा!"

"उघडतो की. तिसरं कारण, ससेपालक संघाचं प्रदर्शन. ससा कुठंय?"

"काका, तुम्ही वेडे आहात का?"

"एल्झाबे, प्रदर्शनाच्या कागदावर दार उघडायचं आणि आत ससाच नाही? ते फसवणुकीत मोडतं."

दुपारी दोन वाजता कर्नल दालनात आला, तेव्हा पुराव्याच्या टेबलावर पिंजरा होता, पिंजऱ्यात ॲडमिरल होता, आणि शेजारी गेझीनेबाई, कोणी चाकू काढलाच तर त्यावर झडप घालायच्या तयारीत बसल्या होत्या. ॲडमिरल शांतपणे सलगमची पानं चघळत होता. त्या दालनात तेवढा एकच जण पोटभर जेवलेला दिसत होता.

"हा कोण?" कर्नलने मला विचारलं.

मी चार वर्षं मुलं सांभाळली होती, खोटं बोलायची सवय नव्हती. "हा अधिकार आहे, साहेब," मी म्हटलं.

पुढची दोन मिनिटं कर्नल जे बोलला त्यातलं काहीच मी भाषांतरित केलं नाही. सारांश एवढा, की राजाचं न्यायालय सशाच्या अधिकारात बसणार नाही, लंडनला कळलं तर त्याची उरलेली नोकरी खारट मासे मोजण्यात जाईल, आणि उद्या संध्याकाळपर्यंत नीट दार उघडलं नाही तर तो लेखी जबाबावर खटला उरकून टाकील. आणि तो गेला. मेजर पिकरिलनी सशाची माफी मागितली आणि तेही गेले.

क्नोप हसला. आरोपीच्या कठड्यात उभा राहून मोठ्याने, पोट धरून हसला. आम्ही बाकीचेही हसतच होतो, खोटं कशाला सांगू? ससा होताच तसा. पण क्नोप हसला आणि मी ब्रोन्याकडे पाहिलं. ती क्नोपकडे बघत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवलेले होते. मला माझीच लाज वाटली.

गेझीनेबाई इंग्रजांच्या भीतीने ॲडमिरलला एप्रनखाली घेऊन पळाल्या त्या शिक्का विसरूनच. काकांनी तो कपाटात ठेवला आणि पावती लिहिली.

बुधवारी सकाळी ब्रोन्या एकटीच कोर्टाकडे निघाली. मी मागोमाग गेले. काका पायऱ्या पुसत होते. ओल्या पायरीवर त्यांनी आजवर कोणाला पाय ठेवू दिला नव्हता, म्हणून ब्रोन्या खालीच उभी राहिली. तीन वर्षांत भट्टीवर ती आमची भाषा शिकली होती, दुभाष्याची गरज नव्हती.

"किल्लीवाले तुम्हीच ना?"

"हो."

"तळघराची पण?"

"एकोणीस नंबर."

"चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत ती कोणाला दिली होती?"

काकांनी फडकं पिळलं. "ही माहिती द्यायला मला…"

"काका!" मी ओरडले, "आता जर तुम्ही तिच्याकडे कागद मागितलात ना, तर ही बादली तुमच्या डोक्यावर उपडी करीन!"

"मागू दे," ब्रोन्या म्हणाली. "आहे माझ्याकडे." तिने अंगरख्याच्या आतून एक मळकं कार्ड काढलं. वेठबिगाराचं ओळखपत्र. तिचा फोटो, तिचा नंबर, आणि त्यावर आमच्याच गावच्या कचेरीचा शिक्का. गोल.

काकांनी कार्ड हातात घेतलं. शिक्का पाहिला. मग तिचा फोटो पाहिला आणि मग तिच्याकडे पाहिलं. ते आत गेले आणि 'त' अक्षराखालचा एक कागद घेऊन आले. 'तळघर, तीन दिवसांसाठी. कारण: साठवण.' खाली क्नोपची सही, तारीख, गोल शिक्का.

"कागद बरोबर आहे?" ब्रोन्याने विचारलं.

"बरोबर आहे."

"काही कमी?"

त्यांनी कागद पुन्हा वाचला. सवयीने उजेडातही धरला. "काही कमी नाही."

"आतून आवाज येत होता?"

"येत होता," काका म्हणाले. "ठोकण्याचा. दोन दिवस."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी नाही आला."

"मग उघडलं का नाही?"

"मुदत संपली नव्हती."

हे ते नेहमीच्याच आवाजात बोलले, ज्या आवाजात चौकोनी आणि गोल सांगायचे. पण बोलून झाल्यावर ते वाक्य जणू त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते खाली बसले, ओल्या पायरीवर, फडक्यासकट. मीही मान खाली घातली. तळघराची जाळी रस्त्याकडे आहे. त्या फेब्रुवारीत मी रोज त्या रस्त्याने दूध आणायला जात होते आणि तो आवाज मीही ऐकला होता. सगळ्या गावाने ऐकला होता. गप्प राहायला आमच्यापैकी कोणाकडे तर कागदही नव्हता.

ब्रोन्या रडली नाही, ओरडलीही नाही. "उद्या सकाळी माझी गाडी आहे," ती म्हणाली. "मला आज आत जायचंय. दुसरा कागद माझ्याकडे नाही."

काका उठले. त्रेचाळीस किल्ल्यांचा जुडगा त्यांनी काढला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना योग्य किल्ली सापडेना. तिसऱ्या खेपेला सापडली. ओकाचं दार सताड उघडून ते बाजूला झाले.

"एल्झाबे, मेजरना बोलाव," ते म्हणाले. "सगळ्यांना बोलाव. बूट घालून आले तरी चालतील."

कर्नलने आल्याबरोबर आधी पुराव्याच्या टेबलाखाली वाकून बघितलं. मग सेनापतींचा हुकूम मोठ्याने वाचला गेला, पेन्सिलीच्या सहीचा, चौकोनी आणि गोल दोन्ही शिक्क्यांचा. न्यायालय बसलं. ब्रोन्या उभी राहिली आणि क्नोपकडे बघत, सावकाश, एकही शब्द न गाळता तिने सगळं सांगितलं. बटाटे किती होते तेही सांगितलं. सात. क्नोप छताकडे बघत होता. ती थांबली आणि म्हणाली, "इकडे बघ." मी हे भाषांतरित केलं नाही, गरजच नव्हती. त्याने बघितलं. मग तिने राहिलेलं सांगितलं.

डॉक्टर श्नेकेनर उठले. त्यांची चाळीस पानं गेली होती, पण जीभ होती. "या बाई म्हणतात तळघर. आम्ही म्हणतो, तळघर बंद होतं. कोणी कोंडलं, कधी कोंडलं, कशावरून? आपण कायद्याची माणसं आहोत. एखादा कागद तरी आहे का?"

"आहे," दारातून आवाज आला.

सपातांचा आवाज होत नाही, त्यामुळे काका टेबलापर्यंत पोचले तरी कोणाला कळलं नव्हतं. त्यांनी कागद मेजरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि ते हळूच खाली बसले. गोल शिक्क्यावर त्यांना काही हरकत घेता येईना.

कर्नल कालच्या सशाने अजून बिथरलेलाच होता. त्याने मला सांगितलं, "या माणसाला विचार, आज दार कोणाच्या अधिकारात उघडलं? पुन्हा त्या प्राण्याच्या?"

मी विचारलं. काका दोन्ही हात विजारीच्या शिवणीला लावून उभे होते.

"कोणाच्याच नाही," ते म्हणाले. "मीच उघडलं." मग म्हणाले, "तेव्हाही उघडता आलं असतं."

त्या वाक्याचं भाषांतर करायला मला तीन वेळा सुरुवात करावी लागली.

क्नोपला बारा वर्षांची शिक्षा झाली. ब्रोन्या गुरुवारच्या गाडीने गेली. काका स्टेशनवर आले होते, हातात एकोणीस नंबरची किल्ली घेऊन. त्यांनी ती तिच्यापुढे धरली. तिने किल्लीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी काय करू हिचं? तुमच्याकडेच राहू दे." आणि ती डब्यात चढली.

त्यानंतर काका मेजर पिकरिलकडे गेले. मी बरोबर होते. "माझ्यावर खटला कधी?" त्यांनी विचारलं.

मेजरांनी चष्मा पुसला, कागद चाळले, खूप अवघडून गेले. "तुमचं नाव आमच्या यादीत नाही, हेर ओल्टमान. माफ करा. तुमच्यावर खटला भरायचा मला अधिकार नाही."

"मग कोणाला आहे?"

मेजरांनी पुन्हा यादी चाळली. काका घड्याळाला किल्ली द्यायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

त्यानंतर ते अठरा वर्षं जगले. माणूस काही बदलला वगैरे नाही. कागद मागायचे, सपाता घालायचे, एका पाहुण्या मंत्र्याला त्यांनी गोल शिक्क्यावाचून पावसात उभं केलं. फक्त तळघराला त्यांनी पुन्हा कधी कुलूप लावलं नाही. दार रात्रंदिवस उघडं. गेझीनेबाईंचे नवे ससे तिथे जाऊन व्यायचे तेव्हा पिल्लं ते टोपलीतून परत नेऊन द्यायचे, पावती न घेता. गेझीनेबाईंनी शिक्का बरेचदा परत मागितला. काका म्हणायचे, अजून काम आहे त्याचं.

ते गेल्यावर कपाट आवरायला मेटाकाकूने मला बोलावलं. 'म' खालची चिठ्ठी तिने आधी काढून एप्रनच्या खिशात घातली. मी किल्ल्यांचं नोंदपुस्तक उघडलं. चाळीस वर्षांच्या नोंदी, एकसारखं अक्षर. तारीख, दार, कारण, आणि शेवटचा रकाना 'कोणाच्या अधिकारात'. त्या रकान्यात न्यायाधीश, नगराध्यक्ष, पक्ष कचेरी, मुकादम क्नोप, ओळीने सगळे. आणि शेहेचाळीसच्या ऑक्टोबरातली ती नोंद. 'मोठं दालन. कारण: ब्रोन्या कुलेशा हिला बोलायचं आहे. कोणाच्या अधिकारात: माझ्या. हार्म ओल्टमान.'

शिक्क्याशिवाय नोंद ग्राह्य नसते. म्हणून त्यांनी सहीच्या शेजारी, अगदी सरळ, कान वर येतील असा, जांभळा ससा उमटवला होता.